रिकाम्या पलंगावर बसवलेला राजा : महालातल्या एका तैलचित्राचं प्रकरण

मागच्या जूनच्या पहिल्या आठवड्यात, नवतपा, म्हणजे मे अखेरचे कडक उन्हाचे नऊ दिवस, सरल्या सरल्या, नागपूरच्या महाल भागातल्या एका जुन्या वाड्यातून फोन आला. "आमच्या राजाचं तोंड गळून पडलं जी," पलीकडच्या काकू म्हणाल्या. "येऊन पाहाल काय?" घरातल्या वडीलधाऱ्या माणसाला झटका यावा, इतकी काळजी त्या आवाजात होती.

जुन्या चित्रांची दुरुस्ती हे माझं काम. तैलचित्रं, ओलिओग्राफ म्हणजे तैलचित्रासारखी दिसणारी छापील चित्रं, फोटोवर रंग भरून केलेली आजोबा-पणजोबांची व्यक्तिचित्रं असं काय काय माझ्याकडे येतं. बहुतेक वेळा ते आधी फ्रेमवाल्याकडे जातं आणि फार उशिरा माझ्यापर्यंत पोचतं. या वेळी फोन वेळेवर आला होता. रंग का गळतोय हे मला आठवडाभरात कळलं. पलंगावरच्या राजाचं काय करायचं हे ठरवायला मात्र दोन महिने लागले. म्हणून हे प्रकरण सविस्तर लिहून ठेवते आहे. घरमालक आणि या कामातली नवी मुलं, दोघांनाही त्यातून काही मिळावं.

चित्र दिवाणखान्याच्या लांब भिंतीवर होतं. सागवानी फ्रेम, आत साधारण ३ फूट बाय ४ फुटांचा कॅनव्हास. एका राजवाड्यातलं शेजघर. किरमिजी पडदे, सोनेरी वेलबुट्टी, उंच छत्रीपलंग, छत्रीच्या चारही कोपऱ्यांवर पांढऱ्या पिसांचे तुरे. पलंगाच्या पुढे आडवा सोनेरी कठडा, देवळात गाभाऱ्यापुढे असतो तसा. दोन्ही बाजूंना भिंतीतल्या संगमरवरी शेकोट्या आणि त्यांच्यावर आरसे. पलंगाच्या वर कमानीत बसलेल्या एका स्त्रीची सोनेरी मूर्ती. अख्ख्या खोलीत चिटपाखरू नाही. आणि पलंगाच्या मधोमध, उशीला टेकून, मांडी घालून बसलेला पगडीवाला राजा.

तो त्या खोलीत मावत नव्हता. त्याचा गुडघा उशीपेक्षा मोठा होता. पडद्याच्या प्रत्येक चुणीला सावली होती, कठड्याच्या प्रत्येक खांबाला होती, पण राजाला सावली नव्हती. चेहऱ्याचा डावा अर्धा भाग गेला होता. उजवा डोळा आणि मिशीचं एक टोक तेवढं शाबूत होतं.

काकूंनी आतून एक कुंकवाची डबी आणली. डबीत कापूस, आणि कापसावर खाली पडलेल्या रंगाच्या अकरा खपल्या. झाडताना दिसल्या तशा त्यांनी एकेक उचलून ठेवल्या होत्या. वीस वर्षांच्या कामात इतक्या जपून ठेवलेल्या खपल्या मला कुणी दिल्या नव्हत्या. या प्रकरणाचा निकाल पुढे जो लागला, त्याचा अर्धा आधार ती डबी होती. कुणाच्याही घरी जुन्या चित्राचा रंग गळत असेल तर मी हात जोडून सांगते, खपल्या फेकू नका आणि डिंकाने चिकटवू नका. डबीत ठेवा आणि कुठून पडल्या ते चिठ्ठीवर लिहून ठेवा.

रंग का गळत होता

नुकसान चित्रभर सारखं नव्हतं. उजवीकडचा खालचा भाग आणि पलंगाचा मध्य, एवढ्या पट्ट्यात रंग घराच्या कौलांसारखा कडेने उचलला होता. त्याच पट्ट्यात बारीक पांढरे ठिपके होते. पहिल्या भेटीत मी त्यांना बुरशी म्हटलं आणि वहीत तसं लिहिलंही. ते चुकलं. बुरशी असती तर भिंगाखाली तंतू दिसले असते. इथे दिसत होत्या स्वच्छ कडांच्या इवल्या इवल्या चकत्या, पाण्याचा थेंब वाळून मागे क्षार राहावा तशा. त्या एका कोपऱ्यातून पंख्यासारख्या पसरत गेल्या होत्या. टोकाला विरळ, खाली उजवीकडे दाट.

दुसऱ्या भेटीत मी चित्राकडे पाठ करून उभी राहिले आणि तो पंखा उलट्या दिशेने मनात ओढत नेला. रेषा समोरच्या खिडकीत जाऊन थांबली. खिडकीत कूलर. तीन वर्षांपूर्वी जुना छोटा काढून मोठा बसवलेला, पाणी बोअरवेलचं. खिडकीबाहेर जाऊन ताट्या पाहिल्या तर वुडवूलवर, म्हणजे ताट्यांतल्या लाकडाच्या बारीक किसावर, तोच पांढरा, खरखरीत थर. फ्रेमच्या लाकडावरच्या एका ठिपक्यावर पांढऱ्या व्हिनेगरचा थेंब सोडला, तो हलकासा फसफसला. चुन्याचे क्षार होते ते. कूलरची हवा बोअरचं पाणी तुषारांनी थेट राजाच्या अंगावर उडवत होती.

ठिपके पुसता येतात. खरं नुकसान हवेतल्या चढउताराने केलं होतं. कॅनव्हासवर रंग लावण्याआधी प्राणिज सरसाचा हात देतात, त्यावर पांढरा पूर्वलेप, त्यावर रंग, शेवटी व्हार्निश. यातला सरस हवेतली ओल पिऊन फुगतो आणि मऊ पडतो. कोरड्या हवेत तो आकसतो आणि काचेसारखा कडक होतो. दीडशे वर्षांचा तेलरंग त्याच्याबरोबर ताणला जात नाही, तो तडकतो. आपल्याकडे मे महिन्यात दुपारी पारा ४५ च्या वर जातो आणि हवा कोरडी ठाक असते. त्याच दुपारी घरात कूलर सुरू होतो, संध्याकाळी बंद होतो, रात्री झोपताना पुन्हा सुरू. त्या दिवाणखान्यात मी आर्द्रतामापक ठेवला तेव्हा कूलर बंद असताना २४ टक्के होते. सुरू केल्यावर तासाभरात काटा ७० च्या पुढे गेला. म्हणजे पावसाळा आणि उन्हाळा दिवसातून दोनदा. मुंबईच्या दमट हवेत चित्रांना वेगळे आजार होतात, पण तिथली हवा इतक्या उड्या मारत नाही. विदर्भातल्या चित्रांचा मोठा शत्रू घरातला कूलर आहे हे मी आता ठामपणे सांगते. ओलीपेक्षा हा हेलकावा जास्त घातक.

त्यात आणखी एक. चित्राच्या मागच्या लाकडी चौकटीच्या, म्हणजे स्ट्रेचरच्या, आठपैकी पाच पाचरी गळून पडल्या होत्या आणि कॅनव्हास झोळीसारखा सैल झाला होता. कूलरचा झोत आला की तो धडधडायचा. रोज थोडा थोडा.

शेजघर कोणाचं

घरात पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली समजूत अशी, की हे नागपूरकर भोसल्यांचं शेजघर. राजवाड्यातल्या लिलावात पणजोबांनी चित्र घेतलं, असं काकूंच्या सासूबाई सांगत.

ही समजूत हसण्यावारी नेण्यासारखी नाही. तिच्या मागे खरं दुःख आहे. तिसरे रघूजी ११ डिसेंबर १८५३ ला वारले. मुलगा नव्हता, दत्तक मानला गेला नाही आणि १८५४ मध्ये डलहौसीने राज्य खालसा केलं. मग राजवाड्यातलं सामान निघालं. हत्ती, घोडे, बैल कवडीमोलाने विकले गेले. जडजवाहीर कलकत्त्याच्या बाजारात गेलं. सामानाला हात लावाल तर वाड्याला आग लावीन, असं राजघराण्यातल्या बाकाबाईसाहेबांनी बजावल्याची नोंद खुद्द इंग्रजांनी करून ठेवली आहे. सामान गेलंच. दहा वर्षांनी, १८६४ मध्ये, काळ्या दगडाचा आणि कोरीव लाकूडकामाचा तो राजवाडा आगीत जळाला. महालात राहणाऱ्या माणसाला भिंतीवर एक रिकामं राजशाही शेजघर दिसलं, तर ते कोणाचं हे त्याला कोणी सांगावं लागत नाही.

पण चित्र वेगळं सांगत होतं. नागपुरातल्या शेजघरात दोन-दोन शेकोट्या कोण बांधेल? कोरीव सागवानी खांब कुठेच नाहीत, लोड-तक्क्यांची बैठक नाही. कठडा, समोरासमोरच्या शेकोट्या, कमानीतली ती बसलेली स्त्री आणि तिच्या दोन्ही बाजूंच्या पंखवाल्या आकृती, हे सगळं एकत्र एकाच ठिकाणी आहे. पॅरिसजवळच्या व्हर्सायच्या राजवाड्यात, राजाच्या शेजघरात. ती स्त्री म्हणजे फ्रान्स. झोपलेल्या राजावर लक्ष ठेवणारी, निकोला कुस्तू या शिल्पकाराने घडवलेली. चौदाव्या लुईने १७०१ मध्ये आपलं शेजघर राजवाड्याच्या बरोबर मधोमध आणलं, पूर्वेला खिडक्या ठेवून, तेव्हाची ती मूर्ती. पुढे १८३७ मध्ये राजवाड्याचं संग्रहालय झालं, चित्रकार तिथे बसून नकला करू लागले.

आमच्या चित्रावर सही नाही. पडद्यांवरच्या चकाकीत झिंक व्हाइट आहे आणि तेलरंगात तो रंग १८४० च्या दशकाच्या मध्यापासून रुळला. त्याच्या आधीचं हे चित्र असू शकत नाही. अहवालात मी लिहिलं : व्हर्साय, राजाचं शेजघर, एकोणिसाव्या शतकातली सफाईदार नक्कल.

हे काकूंना कसं सांगायचं याचं मला दडपण होतं. घरी बसून मी त्या खोलीबद्दल माहिती गोळा करत गेले, आणि प्रकरणाची दिशा तिथे बदलली. आमच्या चित्राला लागू पडणाऱ्या दोन गोष्टी तिथे सापडल्या.

पहिली अशी, की ती खोली खरोखरच बराच काळ रिकामी होती. चौदावा लुई तिथे झोपायचा, १ सप्टेंबर १७१५ ला तिथेच वारला. त्याच्यानंतरच्या पंधराव्या लुईने १७३८ मध्ये जवळच स्वतःसाठी आटोपशीर, उबदार शेजघर करून घेतलं. झोपायचा तिथे. पण सकाळी राजाला उठवण्याचा सोहळा दरबाराच्या समोर, मोठ्या शेजघरातच व्हायचा. म्हणून तो उठून चालत मोठ्या खोलीत जायचा आणि तिथे त्याला विधिपूर्वक "उठवलं" जायचं. सोळाव्या लुईनेही हेच चालवलं. ज्या पलंगावर कोणी झोपत नव्हतं तोच राज्याचा पलंग. राजा नसतानाही त्याच्यासमोरून जाणारे पुरुष टोपी काढायचे, बायका वाकून नमस्कार करायच्या, आणि कठड्याच्या आत कुणी पाऊल टाकू नये म्हणून सेवक पहाऱ्याला असायचा. ६ ऑक्टोबर १७८९ ला याच खोलीच्या सज्जातून सोळावा लुई जमावापुढे आला आणि त्याच दिवशी राजवाडा सोडून गेला तो कायमचा. १७९३-९४ मध्ये सगळं सामानसुमान लिलावात फुंकलं गेलं.

दुसरी गोष्ट या शेवटच्या वाक्यात आहे. व्हर्साय १७९३, नागपूर १८५४. काकूंच्या घराने चित्रातल्या खोलीचं गाव चुकवलं होतं, पण त्या खोलीवर काय गुदरलं ते बरोबर ओळखलं होतं.

चितार ओळीतला हात

राजा नंतर रंगवलेला आहे हे पहिल्याच दिवशी कळलं होतं. कधी आणि कशावर, हे अतिनील दिव्याखाली पाहिलं.

त्या रात्री दिवाणखान्याची दारं-खिडक्या लावून आम्ही दिवे मालवले. काकू, त्यांची सून आणि मी. अतिनील उजेडात जुनं नैसर्गिक राळेचं व्हार्निश हिरवट चमकतं. दिवा लावला तशी अख्खी खोली, पडदे, कठडा, आरसे, शेवाळाच्या पाण्यात बुडाल्यासारखी उजळली. पडद्यांवरच्या झिंक व्हाइटच्या चकाकीचे पिवळसर हिरवे ठिपके काजव्यांसारखे वर आले. आणि पलंगाच्या मधोमध राजाच्या आकाराचं काळं भोक. सून "अगं बाई" म्हणून मागे सरकली. काकू काहीच बोलल्या नाहीत.

अर्थ सरळ होता. राजा व्हार्निशच्या वर बसलेला आहे, नंतरच्या रंगात. पगडीचा पांढरा गडद जांभळट दिसत होता, म्हणजे तो टिटॅनियम व्हाइट. हा रंग १९२० च्या आगेमागे बाजारात आला. तेव्हा राजा विसाव्या शतकातला.

दिवे लागल्यावर काकू बोलल्या. "बसवून घेतला होता जी तो आमच्या सासूबाईंनी. चितार ओळीतून माणूस बोलावला होता. आमच्या ह्यांचा जन्म व्हायच्या आधी दोन मुलं गेली होती त्यांची. कोणी तरी म्हणालं, घरात रिकामा पलंग टांगून ठेवला आहे, म्हणून असं होते. रिकामा पाळणा हलवू नये म्हणतात ना, तसंच ते."

हे ऐकल्यावर माझ्या हातातला कापसाचा बोळा जड झाला. तोवर माझ्या वहीत त्या आकृतीसाठी "ओव्हरपेंट" एवढा एकच शब्द होता.

चितार ओळ म्हणजे नागपुरात गणपती, देवी, मारबतीच्या दिवसांत ज्या गल्लीकडे सगळं शहर वळतं ती गल्ली. चितारी पिढीजात रंगकाम करणारे, भोसल्यांच्या काळापासूनचे. त्या माणसाला छत्रीपलंगाचं यथादर्शन, म्हणजे दूर-जवळचं प्रमाण, जमलं नाही, त्याचा तो धंदाच नव्हता. पण उरलेल्या उजव्या डोळ्याकडे मी भिंगातून किती तरी वेळ पाहिलं. वरच्या पापणीची रेषा एका दमात ओढलेली, बाहेरच्या कोपऱ्याकडे किंचित जाड होऊन सुटलेली. तिच्या वर समांतर दुसरी, केसाएवढी. बुबुळात पांढऱ्याचा एक ठिपका, मधोमध नाही, जरा वर. मूर्तिकार गणपतीच्या डोळ्यांची आखणी करतात ती हीच. त्याने त्या पलंगावर राजा बसवला तो मूर्ती बसवावी तसा, शेवटी डोळे उघडून.

काकूंचा मुलगा पुण्याला असतो. व्हिडिओ कॉलवर त्याचं म्हणणं स्वच्छ होतं : मूळ चित्र फ्रेंच आहे तर नंतरचं सगळं काढून टाका, चित्राला किंमत येईल. काकूंचं म्हणणं तितकंच स्वच्छ होतं : राजाचं तोंड नीट करून द्या, बाकी आम्हाला काही नको. मी दोघांनाही लगेच होकार दिला नाही. मुलाला सांगितलं, किमतीसाठी मी काम ठरवत नाही, आणि ही नक्कल आहे. काकूंना सांगायचं जास्त अवघड होतं. अर्धा चेहरा उडालेला होता आणि त्याचा एकही जुना फोटो घरात निघाला नाही. तो मी "नीट केला" असता तर तो माझा राजा झाला असता, चितार ओळीतल्या त्या माणसाचा नाही. शिवाय राजा ज्याच्यावर बसला होता तो थर म्हणजे समईच्या काजळीने, उदबत्तीच्या धुराने आणि धुळीने तेलकट झालेलं जुनं व्हार्निश. न धुतलेल्या भिंतीवर दिलेला रंग जसा पापुद्रे धरतो तसा तो पापुद्रे धरत होता. आज चिकटवला असता तर पाच-सात उन्हाळ्यांत पुन्हा सुटला असता.

बोळा फिरवून पुसून टाकणं सोपं होतं. बहुतेक ठिकाणी तेच करतात, आणि "मूळ चित्र परत मिळवलं" असं म्हणतात. मला ते पटलं नाही. दोन मुलं गमावलेल्या बाईने भरलेला पलंग मी परत रिकामा करायचा, आणि भरलेलं गटारात सोडायचं, हा हक्क मला कोणी दिला?

पंधरा दिवसांनी मी पुन्हा वाड्यावर गेले आणि काकूंना व्हर्सायच्या त्या पलंगाची सगळी गोष्ट सांगितली. रिकाम्या पलंगापुढे टोप्या काढणारे लोक, दुसऱ्या खोलीतून उठून येणारा राजा, कठड्याचा पहारा. त्या शांत ऐकत होत्या. मग म्हणाल्या, "म्हणजे गादीला मुजरा होता तो. माणसाला नाही."

"हो काकू."

"आपल्याकडे तरी काय वेगळं आहे? गादीवर कोणी असो नसो, मान गादीचा." थोडं थांबून म्हणाल्या, "मंग तो पलंग रिकामा नाहीच. काहून बसवला आम्ही त्याच्यावर राजा?" आणि लगेच, हात उचलून, "पण फेकायचा नाही हो त्याला. त्याच्यानंतर आमचे हे जगले."

राजाला उठवणं

तेव्हा ठरलं : राजा काढायचा, पण अख्खा, आणि दुसऱ्या फळीवर बसवायचा.

वरचा रंगथर सोलून दुसरीकडे हलवणं शक्य असतं, पण खालचा थर वेगळ्या द्रावकात विरघळणारा असेल तरच. इथे नशीब होतं. मध्ये राळेचं व्हार्निश होतं, ते अल्कोहोलमध्ये सुटतं. वरचा रंग घरगुती इनॅमलसारखा, अल्कोहोलने फुगणारा, पण लगेच न विरघळणारा. पृष्ठभागावर जपानी कागद चिकटवायला मी माशाचा सरस वापरला. तो पाण्यात सुटतो, अल्कोहोलला दाद देत नाही.

आधी सगळ्या कोनांतून फोटो काढले, राजाची बाह्यरेषा पारदर्शक फिल्मवर उतरवली. मग गळायला आलेला मूळ रंग जागेवर पक्का केला, कारण राजा उचलताना पलंगच उचलून आला तर सगळं संपलं. यात तीन आठवडे गेले. मग राजाच्या अंगावर कोमट सरसाने जपानी कागदाचे तुकडे, माशाच्या खवल्यांसारखे एकावर एक. वाळल्यावर कडेकडेने आयसोप्रोपिल अल्कोहोलचं जेल कुंचल्याने लावायचं, दीड-दोन मिनिटं थांबायचं, बोथट केलेल्या हाडाच्या पात्याने एक मिलिमीटर आत सरकायचं, खाली टर्पेंटाइनचा बोळा फिरवायचा, थांबायचं. दिवसाला तळहाताएवढं झालं तर भरपूर.

नऊ दिवसांत राजा तीन तुकड्यांत उतरला. पगडी आणि चेहरा एकसंध आले. धड आणि मांडी एकसंध आली. तिसरा तुकडा डावा हात, तिथे मी चुकले. सातव्या दिवशी संध्याकाळी जेल जास्त वेळ राहिलं. रंग फुगून सुरकुतला आणि कागद उचलताना बोटं चुऱ्यासारखी सुटली. मनगटापर्यंतचा भाग वाचला, बोटं गेली. चूक पूर्णपणे माझी. दमलेल्या हाताने शेवटचा अर्धा तास काम करू नये हे मी शिकवणीत दहा वेळा सांगते, आणि त्या दिवशी स्वतः पाळलं नाही. काकूंना फोन करून त्याच रात्री सांगितलं. अहवालात तारखेसह लिहिलं.

खाली पलंगपोस निघाला. कोणीही सत्तर वर्षं न पाहिलेला. मला वाटलं होतं नक्कल करणाऱ्याने हा मधला भाग घाईने उरकला असेल, कारण तिथे दाखवण्यासारखं काय असणार. पण जरीकामाचा प्रत्येक टाका पिवळ्याचा एक ठिपका होता, आणि प्रत्येक पिवळ्या ठिपक्याच्या उजव्या खालच्या अंगाला तपकिरीचा त्याहून छोटा ठिपका, सावलीचा. एका चौरस इंचात मी एकेचाळीस जोड्या मोजल्या. रिकाम्या पलंगावर माणसाने किती दिवस घालवले असतील त्याचा हिशेब माझ्याने झाला नाही.

पुढचं काम नेहमीचं. क्षारांचे ठिपके उतरवले. व्हार्निश पूर्ण न काढता पातळ केलं, पडद्यांचा किरमिजी परत दिसेल इतपतच. कॅनव्हासच्या फाटलेल्या कडांना मागून नव्या लिननच्या पट्ट्या बेवा ३७१ या चिकटद्रव्याने, ६५ अंशांच्या आसपास गरम इस्त्रीने बसवल्या. नव्या सागवानी पाचरी घातल्या. जिथे मूळ रंग गेला होता तिथे रोमच्या संवर्धन संस्थेत चेझारे ब्रांदी यांनी रुजवलेली पद्धत वापरली : बारीक उभ्या रेषांनी रंग भरायचा, लांबून एकजीव दिसेल, जवळून दुरुस्ती ओळखू येईल. कुंकवाच्या डबीतल्या अकरा खपल्यांपैकी सात मूळ चित्राच्या निघाल्या, त्या आपापल्या जागी परत गेल्या. चार राजाच्या होत्या. त्यांतल्या दोन जोडून डाव्या डोळ्याची खालची पापणी झाली.

परत वाड्यावर

दिवाळीच्या आधी चित्र परत नेलं. आता ते आतल्या भिंतीवर आहे, कूलरच्या झोतापासून दूर, मागे पुठ्ठ्याची पाठ आणि भिंतीपासून बोटभर अंतर सोडायला कॉर्कचे चार तुकडे. कूलर तिथेच ठेवावा लागला, मे महिन्यात नागपुरातल्या म्हाताऱ्या माणसाला कूलरशिवाय राहा असं मी सांगणार नाही. फक्त त्याची दिशा बदलली, दिवाणखान्याचं मधलं दार दुपारी लोटून घ्यायचं ठरलं, आणि चित्राशेजारी एक छोटा आर्द्रतामापक टांगला.

राजा वेगळ्या फळीवर, काचेमागे, पलंगाशिवाय बसला आहे. पार्श्वभूमी साधी, कच्च्या कॅनव्हासच्या रंगाची. अर्धा चेहरा, दीड डोळा, मनगटाशी संपणारा डावा हात. मी काहीही भरलं नाही. काकूंनी तो देवघराच्या बाहेरच्या कोनाड्यात, सासूबाईंच्या फोटोशेजारी ठेवला. मुलगा दिवाळीला आला तेव्हा चित्राची किंमत विचारायला त्याने मला फोन केला नाही. आजीने राजा कधी बसवून घेतला ते साल पक्कं करता येईल का, एवढंच विचारलं. वडिलांच्या जन्मसालावरून आम्ही ते ठरवलं आणि अहवालात घातलं.

या मे महिन्यात नवतप्याच्या चौथ्या दिवशी मी पाहणीला गेले. काट्यावर ३८ टक्के. काकूंनी कॅलेंडरच्या मागच्या कोऱ्या बाजूला रोजचे आकडे लिहून ठेवले होते, सकाळ-दुपार-रात्र. मधल्या तीन दिवसांच्या रकान्यात आकड्याऐवजी "सून माहेरी, दार उघडं राहिलं" असं लिहिलेलं होतं. भिंगातून पलंगपोसाचा मधला भाग पाहिला, एकही ठिपका उचललेला नव्हता. कोनाड्याजवळ गेले तेव्हा काकू म्हणाल्या, "त्याच्या बोटांचा चुरा तू ठेवला आहेस ना गं अजून?"

ठेवला आहे. काचेच्या बाटलीत, तारखेच्या चिठ्ठीसह, त्यांच्या फाइलमध्ये.